पायांच्या जागी ओलं मूळ

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे. विश्वास ठेवून वाचत होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. डबा खाताना समोर काहीतरी लागतं, म्हणून वाचायचे. आमच्या घरात भुताखेतांचा विषय कधी टिकलाच नाही. गुलटेकडीला दोन खोल्या, त्यात आम्ही चार माणसं. "भूत आलं तर झोपणार कुठे?" असं अब्बा विचारायचे आणि विषय संपायचा. मीही तशीच. शिवाय शिकले ते पुरातत्त्व. मेलेल्या माणसांची हाडं ब्रशने साफ करायची हाच अभ्यास, तिथे घाबरून कसं चालेल...

म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय. लिहायची सवयही नाही. कॉलेजला गेलेली घरातली मी पहिलीच. घरी आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे घरातलं बोलणंही इथे मराठीतच लिहिते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

अब्बा कल्हईवाले होते. सायकलला भाता आणि कोळशाचं पोतं बांधून शनिवार पेठ, नारायण पेठ, सगळीकडे फिरायचे. पुढे घराघरात स्टील आलं, कल्हई संपली, आणि ते मार्केट यार्डात कांद्याच्या एका गाळ्यावर राखणीला बसू लागले. माझा मोठा भाऊ, म्हणजे भाईजान, तिथेच टेम्पो चालवतो. मी एस.वाय.ला होते तेव्हा अब्बा गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि गेले. आजारी वगैरे नव्हते.

आमच्यात, निदान आमच्या घरात तरी, बायका कब्रस्तानात जात नाहीत. जनाजा दारातून उचलला की आमचं काम संपलं. मी आणि अम्मी उंबऱ्यात उभ्या राहिलो, गल्लीच्या वळणावर खांदे दिसेनासे झाले, आणि शेजारणींनी आम्हाला आत नेऊन बसवलं. अब्बांना कुठे ठेवलं ते मी पाहिलं नाही. त्या रात्री भाईजानला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "कडुनिंबाजवळ." मग मी म्हणाले, एकदा फोटो काढून आण. हो म्हणाला. शबे-बारातला, म्हणजे कबरींवर फुलं वाहायच्या रात्री, तो फुलं घेऊन जायचा, परत आला की मी हात पुढे करायचे आणि तो म्हणायचा, अंधार होता, गर्दी होती, बॅटरी संपली... दरवर्षी नवीन कारण. मला फार काही नको होतं. जागा कुठे आहे, आजूबाजूला काय आहे, एवढं डोळ्यांसमोर आणता यावं, बास.

आता डिपार्टमेंटबद्दल. नाव लिहीत नाही. पुण्यातच आहे, जुनी दगडी इमारत. आत शिरताच डावीकडे संग्रहालयाचं दालन आणि त्यात मधोमध काचेच्या पेटीत एक दफन आहे. भीमेच्या खोऱ्यातल्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडातलं, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं. सांगाड्याच्या डोक्याशी तोटीची भांडी आणि वाडगे, हातात तांब्याची कडी, गळ्याशी अकीकाचे लाल मणी. वरून पिवळा दिवा सोडलेला. शाळेच्या सहली येतात, मुलं काचेला नाक लावून बघतात.

त्याच टेकाडातून, त्याच काळातलं आणखी एक दफन आणलेलं होतं. ते जिन्याखालच्या खोलीत होतं. ते जागेवर उकरायला तेव्हा वेळ उरला नव्हता म्हणून भोवतालच्या मातीसकट उचललं होतं. गोणपाट आणि प्लास्टर गुंडाळून मातीचा अख्खा ठोकळाच आणायचा, अशी पद्धत आहे. हा ठोकळा आमच्या जन्माच्या आधीपासून तिथे लोखंडी टेबलावर पडून होता. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुन्या खुर्च्या. वरचा थर काढून कुणीतरी पूर्वी चाचपणी केली होती. भांडी नाहीत, मणी नाहीत, काहीच नाही. म्हणून पुढे कुणी हात लावला नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंधासाठी विषय वाटले गेले तेव्हा तो ठोकळा माझ्या वाट्याला आला. वाट्याला म्हणजे... उरला होता.

आमचे सर म्हणजे विद्वान माणूस, पण जीभ पुणेरी. ते शिकवायचे, "दफनातल्या वस्तू म्हणजे मेलेल्याचं रेशनकार्ड. त्यावरून कळतं, माणूस कोणत्या रांगेत उभा होता." ज्याच्यासोबत तांबं आणि मणी, तो वरचा. ज्याच्यासोबत दोन मडकी, तो मधला. ज्याच्यासोबत काहीच नाही, तो... सर तिथे नुसता हात हलवायचे.

मला प्रश्न विचारायची भीती वाटते. इंग्रजी अडतं, आणि आपण काहीतरी बावळट बोलू असं वाटत राहतं. पण त्या दिवशी मी विचारलं, की ज्यांच्यात राजा असो की हमाल, सगळ्यांनाच रिकाम्या हाताने पुरतात, त्यांचं काय? आमच्यात कफनाला खिसा नसतो सर.

सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाई, खाली काही ठेवत नसतील तर वर बघायचं. वर काय बांधलंय ते. माणूस श्रीमंती कुठेतरी दाखवल्याशिवाय राहत नाही."

वर्ग हसला. मीही हसले.

त्या काळातल्या लोकांची आणखी एक रीत होती, ती सांगायला हवी. प्रौढ माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून कापायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. का, ते नक्की कुणाला माहीत नाही. भूत होऊन फिरू नये म्हणून असं काही जण म्हणतात. सर म्हणायचे की मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणूनही असेल. पण यातही मानमरातब होताच. काही मोठ्या असामींचे पाय शाबूत ठेवलेले सापडतात. काचेच्या पेटीतल्या माणसाचे पाय शाबूत आहेत.

जानेवारीत मी काम सुरू केलं. सोबत गौरी असायची. ती शनिवार पेठेतली, वर्गातली माझी एकुलती एक मैत्रीण. तिचा विषय मातीची भांडी होता, पण तिच्या खोलीत उजेड नव्हता म्हणून ती खापरं घेऊन माझ्याकडे येऊन बसायची. मी बांबूच्या काडीने माती सोडवायची, ब्रशने झाडायची, चाळणीत टाकायची. काळी, दगडासारखी घट्ट माती. मध्ये राखेचे पांढरट पट्टे. महिनाभरात डोकं, छाती, कंबर मोकळी झाली. स्त्री की पुरुष हे नक्की ठरत नव्हतं. हाडांवरून एवढं कळत होतं की उंच माणूस होता आणि पाठीने फार ओझं वाहिलं होतं. मणके एकमेकांत बसले होते. असे मणके मी मार्केट यार्डातल्या हमालांच्या एक्स-रेमध्ये पाहिलेत... म्हणजे भाईजानच्याच. टेम्पोच्या आधी तो तिथे हमाली करायचा.

फेब्रुवारीत मी नडग्यांच्या खाली पोहोचले. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. घोट्याशी पाय संपले होते, अपेक्षेप्रमाणे. त्याच्या पुढे फक्त माती. ती माती मी काढत होते आणि काडी कशात तरी रुतली. दगड नव्हता, खापर नव्हतं. मऊ होतं.

ब्रशने झाडलं. तपकिरी साल दिसली.

मी गौरीला बोलावलं. दोघींनी मिळून ते मोकळं केलं. जिथे पाय असायला हवे होते तिथे, आडवं, एक मूळ पडलं होतं. हातभर लांब. दोन्ही टोकं तिरकी, स्वच्छ तोडलेली, कुऱ्हाडीने तोडतात तशी. आणि ते ओलं होतं. तोडलेल्या जागी आत पांढरं-पिवळसर लाकूड, त्यावर चिकट पाणी. मातीला ओल नव्हती. फक्त मूळ ओलं.

गौरीने बोट लावून वास घेतला, मग जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "कडुनिंब," ती म्हणाली. "पाडव्याला आजी खायला लावते ना, तोच कडूपणा." मग तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं.

मी घाबरले नाही. मला आधी वाटलं की आपण काहीतरी चूक केली. माझ्यासारख्यांना आधी तेच वाटतं. बाहेरून आलं असेल म्हणून आम्ही टेबलाखाली वाकून पाहिलं. ठोकळा जमिनीला टेकतच नाही. प्लास्टरला कुठे भोक नाही, भेग नाही. खोलीची फरशी सिमेंटची. इमारतीच्या त्या बाजूला झाड नाही, स्कूटर स्टँड आहे. आणि मुख्य म्हणजे त्या मुळाच्या वरचे राखेचे पट्टे अखंड होते. ते मीच, माझ्या हाताने, थोडे थोडे करून काढले होते. तिथे वरून कुणी खुपसलं असतं तर पट्टे तुटले असते.

सरांना बोलावलं. ते आले, पाहिलं आणि म्हणाले, "तीन हजार वर्षं ओलं राहणारं मूळ सापडलं असेल तर आपण पुरातत्त्व बंद करून नर्सरी काढू."

गौरी म्हणाली, सर, माती आमच्या समोर काढली आहे. मग सरांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि स्वतः गुडघ्यावर बसून खालून प्लास्टर तपासलं. बराच वेळ तपासलं. उठले तेव्हा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता. "कुणाची तरी चेष्टा आहे. हे काढून टाका. नोंद करू नका."

"पण सर, सापडलंय ना..." मी म्हणाले.

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय. एका मुळासाठी अख्ख्या प्रबंधावर प्रश्न येतील. आणि तसाही विचार करा, वस्तू नसलेलं दफन आहे, समाजाच्या खालच्या थरातलं. त्यात वेगळं असं काय लिहिणार तुम्ही?"

शिपायाने ते मूळ आवारात झाडलेल्या पालापाचोळ्यात टाकलं आणि कचऱ्याच्या गाडीतून ते गेलं. मी अडवलं नाही. अडवून काय सांगणार होते?

आता पुढचं. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. अम्मी, भाईजान आणि मी. हाताला अजून तो कडू वास येत होता. मी गंमत म्हणून सांगायला लागले की आज ठोकळ्यात काय निघालं माहितीये, कडुनिंबाचं मूळ. सरांचं नर्सरीचं वाक्यही सांगितलं. अम्मी हसली. भाईजानचा घास हातातच राहिला.

"पायाशी?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले. मला वाटलं, मीच आधी बोलले असेन. पण मी पायाचं काहीच बोलले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

त्याने डाव्या हाताची तीन बोटं जोडून माझ्यासमोर धरली. "एवढं जाड? दोन्हीकडून तोडलेलं?" तेवढंच जाड होतं.

अम्मीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाईजान ताट तसंच ठेवून उठला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. त्याने जे सांगितलं ते आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, अम्मीलाही नाही.

अब्बांना नेलं तेव्हा कब्रस्तानात जागा नव्हती. म्हणजे होती, पण आमच्यासारख्यांसाठी नव्हती. एका मोठ्या व्यापारी घराण्याची संगमरवरी कबर, तिच्याभोवती काँक्रीटचा रुंद कट्टा, आणि पलीकडे कडुनिंबाचं झाड. त्या दोघांमधली चिंचोळी पट्टी मिळाली. खोदणारा म्हणाला, कट्ट्याला हात लावता येणार नाही, त्यांची माणसं भांडतात. म्हणून डोक्याची बाजू कट्ट्याला लागून आणि पाय झाडाकडे. झाडाकडच्या बाजूला एक मूळ आडवं आलं. तीन बोटं जाड. त्याने ते कुऱ्हाडीने दोन्हीकडून तोडलं आणि तुकडा वर मातीच्या ढिगावर फेकला. नंतर त्याच मातीबरोबर तो परत आत गेला.

"तरी खड्डा आखूड पडला," भाईजान म्हणाला. "अब्बा उंच होते. पाय मावेनात."

मी विचारलं, मग?

"मग दुमडले. गुडघ्यात."

"कुणी?"

"मी. दुसरं कोण उतरणार होतं खाली?"

समोरून कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो गेला, ड्रायव्हरने भाईजानला हात केला, त्यानेही केला. मग तो म्हणाला की फोटो म्हणूनच आणला नाही. पहिल्या वर्षी काढला होता, त्यात नुसती ती पांढरी कबरच दिसत होती. नाव दुसऱ्याचं, फुलं दुसऱ्याची. तुला काय दाखवणार होतो...

मी म्हणाले, आता दाखव. मला बघायची आहे जागा.

"आता नाहीये," तो म्हणाला.

कच्च्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उकरतात. जागा कमी आहे, माणसं मरायची थांबत नाहीत, त्यात कुणाचा दोष नाही, हे मलाही कळतं. अब्बांच्या जागी जानेवारीत दुसऱ्या कुणाला तरी ठेवलं होतं. शेजारची संगमरवरी मात्र तशीच. तिला कुणी हलवत नाही. सर बरोबर बोलले होते, वर बघायचं.

जानेवारीत मीही इकडे माती काढत होते. यातून काही निष्कर्ष काढावा असं मी म्हणत नाही. नुसतं सांगते आहे.

तुम्ही विचाराल, भाईजानने हे आधी कधीतरी सांगितलं असेल, माझ्या मनात राहिलं असेल. मीही तोच विचार केला. पण मनात राहिलेलं गौरीच्या जिभेला कडू कसं लागेल? कुणी चेष्टा केली म्हणावं, तर पायाची गोष्ट भाईजान आणि त्या दिवशी कब्रस्तानात होते ते सोडून कुणालाच माहीत नव्हती, आणि भाईजान आमच्या डिपार्टमेंटच्या फाटकापाशीसुद्धा कधी आलेला नाही. लाज वाटते त्याला, कपड्यांना तेल लागलेलं असतं म्हणतो. आणि इतक्या वर्षांपूर्वी मातीत गेलेला तुकडा कुजायला हवा होता. तो ओला होता, जणू आत्ताच कुणी तोडून टाकलाय. असं का व्हावं, आणि त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्याच पायाशी का, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त 'आत्म्याला शांती हवी होती' असलं काही लिहू नका. अब्बांना शांती नको होती, जागा हवी होती.

प्रबंध मी दिला. त्यात मुळाचा उल्लेख नाही. सरांनी सांगितलं म्हणून नाही, मलाच ते कुणाच्या मार्कांसाठी मांडावंसं वाटेना. पण 'निम्न सामाजिक स्तर' हे शब्द मी लिहिले नाहीत. 'सोबत वस्तू नाहीत' एवढंच लिहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की हे वाक्य अर्धवट का सोडलंय. मी म्हणाले, सर, पुढचं आपल्याला माहीत नाही. मार्क कापले गेले. ठोकळ्यावर पुन्हा ताडपत्री आली.

परीक्षा झाल्यावर एका रविवारी मी भाईजानच्या मागे लागून कब्रस्तानात गेले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या कबरीत मला कोपरापर्यंत हात घालता येतात, आणि बापाच्या कबरीजवळ उभं राहता येत नाही, हे मला आता सहन होत नव्हतं. फाटकावर एक म्हातारे चाचा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी काठी आडवी केली नाही की आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, बेटी, लेडीज बाहेर थांबतात.

भाईजानने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "चाचा, ही कबरींवरच एम.ए. झालीय."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग हिला काय नवीन बघायचंय?"

मी बाजूला झाले. भाईजान एकटाच आत गेला. फाटकाच्या गजांतून मला पांढऱ्या कबरींची रांग दिसत होती, त्यामागे झाडांचे शेंडे. त्यातलं कडुनिंब कुठलं ते इतक्या लांबून कळेना. तो फारच लवकर परत आला.

"कुठे उभा राहिलास?" मी विचारलं.

"तिथेच," तो म्हणाला. टेम्पो सुरू करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "साधारण."